सात नंबरचा व्हॉल्व्ह

बिरवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या एका ऑपरेटरची नोकरी पक्की होणार की जाणार, हे एकदा माझ्या कोडमधल्या एका ओळीवर येऊन ठेपलं होतं. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. सांगायला घेतली की मधे इतका कॉम्प्युटर येतो की ऐकणारा चहा टाकायला उठतो, आणि कॉम्प्युटर गाळून सांगितली तर मी जरा बरी दिसते. मला दोन्ही नको आहे, म्हणून एकदाची लिहून टाकते.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. पुण्यातल्या कंपनीनं एका शुक्रवारी आम्हा सगळ्यांना केक खायला बोलावलं, आणि केक खाऊन झाल्यावर सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी महाडला घरी परत आले. पेठेत माझ्या परत येण्याची तीन-चार कारणं चालू होती, त्यातलं एकही इतकं साधं नव्हतं. वडील शाळेत मास्तर, त्यामुळे थेट कुणी विचारत नसे. "सध्या इकडेच का?" एवढंच म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता सहानुभूतीनं मान हलवायचे. त्या हलणाऱ्या मानांना कंटाळून मी गावातलीच एक नोकरी धरली.

ऑफिस गाद्यांच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि खालून उडत येणारा कापूस. आठवड्यातून एकदा कीबोर्ड उलटा करून आपटावा लागे. मालक दहा वर्षं मुंबईत काढून आलेले आणि आता औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना कंट्रोल पॅनल पुरवायचे. पॅनल म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी. तिच्यात एक छोटा कंट्रोलर बसवलेला असतो आणि टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते तो ठरवतो. त्याच्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं तर शोधायला आमच्याकडे घरचाच एक डीबगर होता. डीबगर हा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात डोकावणारा प्रोग्रॅम. तो चालत्या प्रोग्रॅमला थांबवतो, आत काय चाललंय ते दाखवतो, आणि बाहेरून हाक मारून आतलं एखादं काम हातानं करवूनही घेतो. 'उघड एक, दोन, पाच' असं टाइप केलं की कंट्रोलर मुकाट्यानं तेवढे व्हॉल्व्ह उघडायचा.

हे खरं तर आमच्यासारख्यांनी ऑफिसात बसून वापरायचं हत्यार. पण मालकांनी कारखान्यांना कॉम्प्युटरवरचा एक सुंदर पडदा कबूल केला होता, रंगीत टाक्यांचा, बटणांचा. तो पडदा मी रुजू झाले तेव्हा 'फायनल स्टेज'मध्ये होता आणि मी नोकरी सोडली तेव्हाही तिथेच होता. तोवर काम चालावं म्हणून त्यांनी सरळ डीबगरच कारखान्यांमध्ये बसवून दिला आणि त्याचं नाव ठेवलं मॅन्युअल मोड. स्टिअरिंग येईपर्यंत पान्यानं गाडी वळवा म्हणावं, तसा प्रकार. कारखानेवाल्यांनाही ते चाललं, कारण पान्यानं गाडी वळवणारे ऑपरेटर त्यांना कमी पगारात मिळत होते.

हा डीबगर लिहिला होता ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणत त्यांनी. काका साठीचे. मुंबईत एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढून वेळेआधीच निवृत्त झालेले, घराण्याचं महाडात धान्याचं दुकान. रोज दहाला यायचे, साडेबाराला जेवायला घरी जायचे, आणि त्यानंतर जे काही बिघडेल ते दुसऱ्या दिवशी दहापर्यंत बिघडलेलं राहायचं. मी त्यांचा कोड पहिल्यांदा उघडला तेव्हा मला आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या केकचीसुद्धा आठवण गोड वाटली.

आता एवढं एक समजून घ्यावं लागेल, पुढे जास्त त्रास देणार नाही. आकड्यांची एक रांग एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे द्यायची, तर काकांच्या पद्धतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या द्याव्या लागत. रांग कुठे सुरू होते तो पत्ता, आणि रांगेत किती आकडे आहेत ती संख्या. घेणारा बिचारा दोन्हींवर विश्वास ठेवतो. पंगतीत वाढप्याला 'पाच पानं वाढ' म्हटलं आणि बसलेत चारच, तर वाढपी पाचव्यांदा शेजारी जे काही असेल त्यावर वाढतो, मग ती कुणाची चप्पल का असेना. काकांच्या कोडमध्ये अशा दीडशेच्या आसपास पंगती होत्या. सगळीकडे पत्ता एकाकडे आणि संख्या दुसऱ्याकडे.

यावरचा उपाय जगाला तेव्हाही माहीत होता. पत्ता आणि संख्या एकाच पुडीत बांधायची आणि ती पुडीच सगळीकडे द्यायची. याला व्ह्यू म्हणतात. चौघांच्या रांगेतला पाचवा कुणी मागितला तर पुडी देतच नाही, तिथल्या तिथे प्रोग्रॅम थांबवून ओरडते. एवढं सोपं आहे. मला वाटलं, देवानं मला महाडला परत पाठवलं ते याचसाठी.

मी मालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे केलं की स्क्रीनवर काय वेगळं दिसेल?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. आत बदलेल."

"मग क्लायंटला क्या बोलने का?"

"सेफ आहे म्हणून सांगा," मी म्हटलं.

तो शब्द त्यांना एकदम पटला. दोन महिने दिले. तेवढ्यात त्यांनी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून सोनेरी स्टिकर छापून आणले: 'नवीन सेफ व्हर्जन'. छापणाऱ्यानं सवयीप्रमाणे वर छोटा गणपती टाकून दिला होता, त्याचे पैसे घेतले नव्हते. मालकांनी तो राहू दिला. ते म्हणाले, कारखान्यातल्या लोकांना बरं वाटतं.

मी कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात मला ती गंमत सापडली. काकांच्या प्रत्येक रांगेला शेवटी एक जागा जास्त होती. चार आकड्यांची रांग असेल तर जागा पाच, सहाची असेल तर सात. त्या जास्तीच्या जागेत शून्य भरलेलं आणि बाजूला इंग्रजी अक्षरांत टीप: वरचा. सगळीकडे, न चुकता.

"काका, हा वरचा कशासाठी?"

"ठेवायचा असतो," काका म्हणाले.

"पण का?"

"अगं, माप भरलं की वर एक मूठ टाकतात की नाही गिऱ्हाइकाला? तसं. बारा वर्षं चालतंय."

मी मोठ्यानं हसले, आणि नुसती हसून थांबले नाही. मालकांना सांगितलं, खाली गादीवाल्याला सांगितलं, रात्री जेवताना घरी सांगितलं. घरी वडीलही हसले. दर महिन्याला काकांच्याच दुकानातून तांदूळ आणायचे ते, आणि वरची मूठ टाकायला दुकानदार विसरला तर पिशवी धरून तिथंच उभे राहायचे. पण कॉम्प्युटरला मूठ म्हटल्यावर मास्तरांनाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एकेक 'वरचा' शोधून काढून टाकायला लागले. काका शेजारच्या खुर्चीवर बसून बघायचे. एकदाच म्हणाले, "काढतेस तर काढ, पण जपून." जपून म्हणजे नेमकं काय करू, असं मी विचारलं. ते त्यांनाही सांगता आलं नाही, आणि साडेबारा झाले होते.

दोन महिन्यांत दीडशे पंगती संपल्या. सगळीकडे व्ह्यू. एकच जागा उरली. कॉम्प्युटरमधून केबलवाटे कंट्रोलरला आकडे पाठवायचं जे फंक्शन होतं, ते जुन्या पद्धतीचंच होतं आणि वेगळ्या फाइलमध्ये होतं. त्याला पुडी कळायची नाही. म्हणून त्याच्या दारात मी पुडी सोडली, पत्ता आणि संख्या पुन्हा वेगळे करून दिले, आणि बाजूला टीप लिहिली: नंतर. त्या फाइलच्या आत काय आहे ते मी वाचलं नाही. ती चालत होती, आणि मला स्टिकर लागलेले बघायचे होते.

आम्ही तपासणी कशी करायचो तेही सांगते. प्लायवूडच्या फळीवर झिरोचे सहा बल्ब. व्हॉल्व्ह उघडला म्हणजे बल्ब लागला. एक, दोन, पाच टाइप केलं, एक, दोन, पाच लागले. मालकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यात व्हॉल्व्ह आठ होते, पण फळी सहा बल्बांचीच होती, कारण आणलेल्या प्लायवूडच्या तुकड्यावर तेवढेच मावले.

स्टिकर लागून तीन आठवडे झाले असतील. रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात भर दुपारी धुण्याच्या टाकीचा निचऱ्याचा, सात नंबरचा व्हॉल्व्ह उघडला आणि टाकीभर गुलाबी पाणी गटारातून बाहेरच्या रस्त्यावर आलं. पाणी निरुपद्रवी आहे, असं कारखान्याचं म्हणणं होतं. ते कारखान्यांचं नेहमीच असतं. त्या संध्याकाळी बिरवाडीच्या रस्त्यानं परतलेल्या म्हशींचे पाय गुडघ्यापर्यंत गुलाबी झाले होते आणि लोक त्यांना बघायला उभे राहत होते. म्हशींचे मालक मात्र कारखान्याच्या गेटवर उभे होते. कुणाची तरी चूक झाली असणं कारखान्याला आता गरजेचं होतं, आणि त्या वेळी पॅनलपुढे जो बसला होता तो ऑपरेटर सोयीचा होता.

तो गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या ऑफिसात आला. तिशीतला, किडकिडीत, शर्ट पँटमध्ये खोचलेला. कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्याची वाडी. घरी म्हशी आणि थोडं भात. आयटीआय करून खाली उतरला आणि सहा वर्षं त्या कारखान्यात टेम्पररी म्हणून राबत होता. या वर्षी पर्मनंट करायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. सोमवारी त्याची चौकशी होती. चूक त्याची ठरली तर यादीतून नाव जाणार, कदाचित नोकरीही. हे सगळं त्यानं उभ्यानंच सांगितलं. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसला. पिशवीतून चार काकड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, मी एक, दोन, पाच टाकले," तो म्हणाला. "सात नाय टाकला. सात आपनहून उघडला."

"आपोआप कसा उघडेल?"

"त्येच तर इचारायला आलो. मशीन असं करंल काय कधी?"

आता इथे मी काय केलं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलं आहे. मी खुर्ची मागे ढकलली, पायावर पाय टाकला आणि त्याला व्ह्यू समजावून सांगितला. पंगत सांगितली, वाढपी सांगितला, चप्पल सांगितली. काकांकडे तिरकं बघत 'वरचा' पण सांगितला. तो मन लावून ऐकत होता, वर्गात पुढच्या बाकावरचा मुलगा ऐकतो तसा. शेवटी मी म्हटलं, "जुन्या व्हर्जनमध्ये एक वेळ असं झालं असतं. नवीनमध्ये होऊच शकत नाही. तीन सांगितले की तीनच जातात. घाईत तुमचं बोट लागलं असेल सातवर."

"मंजे मशीन चुकत नाय."

"नाही."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "लागलं असंल मंग." चहा प्यायला, कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. मालक आतून बाहेर आले आणि मला म्हणाले, काय मस्त समजावलंस. मला बरं वाटलं. काकड्या मी घरी नेल्या. कोवळ्या होत्या, आईनं कोशिंबीर केली.

शुक्रवारी कारखान्याकडून मालकांना फोन आला, सोमवारच्या चौकशीसाठी एक पत्र द्या. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही असं. मालक म्हणाले, नुसतं पत्र नको, फोटोसहित प्रूफ देऊ. फळीला आणखी दोन बल्ब लाव, कारखान्यासारखे आठ कर, एक-दोन-पाच लागल्याचा फोटो काढू. इलेक्ट्रिशियन शनिवारी सकाळी आला आणि त्यानं फळीच्या कडेला सात आणि आठ नंबरचे बल्ब ठोकले. मालक कॅमेरा घेऊन उभे राहिले. मी टाइप केलं: उघड एक, दोन, पाच.

एक, दोन, पाच लागले. आणि सात लागला.

"परत कर," मालक म्हणाले.

परत केलं. सात परत लागला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, माझं कनेक्शन बरोबर आहे, आणि त्यानं बल्ब काढून आठाच्या जागी लावून दाखवला; तिथे तो विझलेलाच राहिला. मालकांनी कॅमेरा खाली घेतला आणि जरा विचार करून म्हणाले, "ये सात का बल्ब निकाल दे. सहाच्याच फळीचा फोटो काढू."

मी ती फाइल उघडली, जिच्या दारात 'नंतर' असं लिहून आले होते. बारा वर्षांपूर्वीची आठ ओळींची फाइल. त्यात काकांनी संख्येत एक मिळवला होता. तीन आकडे आले की कंट्रोलरला चार पाठवायचे. का, तर रांगेत वरचा असणारच. तो शून्य असायचा आणि शून्य नंबरचा व्हॉल्व्ह नसतो, म्हणून कंट्रोलर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचा. बारा वर्षं एक चूक एका सवयीनं झाकलेली होती, आणि ते झाकण मी दोन महिने बसून, हसत हसत, दीडशे ठिकाणांहून उचकटून काढलं होतं. आता चौथ्या जागी शून्य नव्हतं, मेमरीत शेजारी जे पडलं होतं ते होतं, आणि तो नेमका सात होता. सहा बल्बांच्या फळीवर सात कुठून दिसणार? पुडीनं ओरडायला हवं होतं, पण त्या दारात पुडी मीच सोडून दिली होती.

दहाला काका आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हां," काका म्हणाले, "पाठवताना मी वरचा धरून मोजायचो."

"हे तुम्ही कुठे लिहून का ठेवलं नाहीत?"

"त्यात लिहायचं काय? वरचा असतोच."

मला त्यांचा भयंकर राग आला. ते चुकले आहेत असं मला मनापासून वाटायला हवं होतं, आणि ते चुकलेही होते. पण त्यांच्या चुकीनं बारा वर्षांत एका म्हशीचाही पाय भिजला नव्हता. काकांनी चष्मा पुसला, म्हणाले, "तो पोरगा चांगला होता गं," आणि काही वेळानं छत्री घेऊन जेवायला गेले.

मालकांचं मत पक्कं होतं. नवीन व्हर्जन गुपचूप नेऊन टाकायचं, पत्र द्यायचं नाही आणि विचारलं तर पत्र पोस्टात आहे म्हणायचं. "ऑपरेटर उनका आदमी है. ते बघतील. तू टेन्शन मत ले." मी म्हटलं, मी सांगणार. ते म्हणाले, लेटरहेड मिळणार नाही. यावर मी बरंच बोलले. खालचा गादीवाला पिंजण थांबवून ऐकत होता असं नंतर कळलं. बोलताना मी फार शूर होते.

तेव्हा शनिवार दुपारचा एक वाजला होता. खाली उतरून सहा आसनी रिक्षा धरली असती तर अर्ध्या तासात कारखान्याच्या गेटवर उतरले असते. तो पहिल्या पाळीला होता, हे मला माहीत होतं. मी गेले नाही. मला वाटलं, चूक सांगायला मोकळ्या हातानं कसं जायचं? आधी कोड दुरुस्त करू, नीट तपासू, दुरुस्ती हातात ठेवूनच सांगू. शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार मी त्या आठ ओळींसाठी घालवला. खरं तर दुरुस्ती वीस मिनिटांची होती. बाकीचा वेळ मी अशी आणखी कुठली जागा राहिली आहे का ते शोधत होते, म्हणजे उद्या कुणी मला हसू नये. माणूस सोमवारपर्यंत थांबेल असं मी धरून चालले होते. चौकशी सोमवारी होती ना.

सोमवारी सकाळी नऊला मी कारखान्यात पोचले. पर्समध्ये फ्लॉपी, आणि वहीच्या कागदावर माझ्या हातानं लिहिलेलं पत्र: दोष सॉफ्टवेअरचा आहे, ऑपरेटरचा नाही, खाली माझी सही. कारखान्याच्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक फाइल काढली आणि सांगितलं की चौकशी आता होणार नाही. ऑपरेटर शनिवारी पाळी सुटल्यावर स्वतः येऊन माफीनामा देऊन गेला.

"पण त्याची चूक नाहीच आहे," मी म्हटलं.

"तो लिहून देतो, माझ्या हातून झाली. तुम्ही लिहून देता, त्याच्या हातून नाही झाली. तुमचं तर लेटरहेडवरही नाही." साहेब अगदी नम्रपणे बोलत होते. "आम्ही त्याला काढलेलं नाही, मॅडम. टेम्पररी ठेवलंय. प्रामाणिकपणे कबूल केलं म्हणूनच ठेवलंय."

त्यांनी माझं पत्र घडी घालून मला परत दिलं. नवीन व्हर्जन मात्र जरूर टाकून जा म्हणाले.

पॅनलच्या खोलीत तो एकटाच होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. मी फ्लॉपी घातली आणि व्हर्जन चढेपर्यंत त्याला सगळं सांगितलं. या वेळी पंगत नाही, वाढपी नाही. चूक आमची होती, माझी होती, तुम्ही तीनच टाकले होते. मी म्हटलं, माफीनामा मागे घ्या, मी तुमच्याबरोबर साहेबांकडे येते, पाहिजे तिथे सांगते.

"आता कसा मागं घेऊ?" तो म्हणाला. "सही केली हाय. फिरवला तर खोटा पडंन."

"पण तुम्ही सही का केलीत?"

यात रागावण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. "तुमी सांगितलं ना मॅडम, मशीन चुकत नाय. तुमी शिकलेल्या. मी घरी गेलो, लय इचार केला. मंग आठवायला पन लागलं, की हां, लागलं व्हतं बोट सातला. आयला तसंच सांगितलं, बाला पन. बा बोलला, मंग कबूल कर आनि मोकला हो."

व्हर्जन चढलं. मी त्याला करून बघायला सांगितलं. तो पुढे वाकला आणि एकाच बोटानं टाइप करू लागला. प्रत्येक अंक दाबला की स्क्रीनकडे न बघता बोट उचलून त्याच्या टोकाकडे बघायचा, मग पुढचा. एक. दोन. पाच. बाहेर तीन व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला, चौथा आला नाही.

"बघा," मी म्हटलं, "तेव्हाही तुमचं बोट बरोबरच होतं."

"असू द्या, मॅडम," तो माझी समजूत घातल्यासारखा म्हणाला, आणि बंद करायचं टाइप करायला परत तेच बोट डोळ्यांपुढे धरलं.